लंडनमधील एक दिवस

परमुलखात गेलेल्या माणसाजवळ पैसा थोडा असतो आणि वेळ त्याहूनही थोडा असतो. लंडनसारख्या अफाट नगरीत एकच दिवस हाती असला, म्हणजे काय पाहावे आणि काय सोडावे, असा प्रश्न प्रवाशाला पडतो. पुष्कळजण हा प्रश्न धावपळीने सोडवू पाहतात. सकाळी एक राजवाडा, मग एक पूल, त्यानंतर दोन संग्रहालये, पुन्हा एक बाग, अशी त्यांची वरात चाललेली असते. रात्री मुक्कामावर परतल्यावर पाय तेवढे दुखत असतात. पाहिलेले सारे एकमेकांत मिसळून गेलेले असते.

याहून शहाणपणाची रीत अशी, की थोडेच पाहावे, परंतु जे पाहावे त्याची नीट विचारपूस करावी. घरी दूरचा पाहुणा आला, म्हणजे आपण त्याला नाव, गाव आणि येण्याचे कारण विचारतो. संग्रहालयातील प्रत्येक वस्तू ही अशीच दूरदेशाहून आलेली पाहुणी असते. तिलाही चार प्रश्न विचारावेत : तू काय आहेस? तुला कोणी घडविले? कशासाठी घडविले? आणि तू येथे कशी आलीस? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा वस्तूजवळच्या पाटीवर मिळतात. चौथ्याचे उत्तर मात्र पुष्कळदा शोधून काढावे लागते. आणि तेच सर्वांत महत्त्वाचे असते.

लंडनचे घड्याळ भारतातील घड्याळाच्या मागे असते. हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास. त्यामुळे भारतातून नुकत्याच आलेल्या प्रवाशाला तेथे फार पहाटे जाग येते. या जागेचा लाभ घ्यावा आणि शहर गजबजण्यापूर्वीच वेस्टमिन्स्टरच्या पुलावर जाऊन उभे राहावे. पुलाखालून थेम्स नदी संथपणे वाहत असते. काठावर ब्रिटिश पार्लमेंटची लांबच लांब इमारत आणि तिच्या टोकाशी उंच घड्याळाचा मनोरा दिसतो. या मनोऱ्याला सारे जग ‘बिग बेन’ म्हणते; परंतु ते नाव खरे पाहता मनोऱ्याचे नसून आतील साडेतेरा टनांहून अधिक वजनाच्या घंटेचे आहे. ही घंटा १८५९ सालापासून तास वाजवीत आली आहे. मनोऱ्याला २०१२ साली एलिझाबेथ राणीचे नाव देण्यात आले.

पार्लमेंटसमोरच्या चौकात अनेक पुतळे आहेत. त्यांत विन्स्टन चर्चिल यांचा पुतळा आहे आणि महात्मा गांधींचाही आहे. ज्या पार्लमेंटच्या सत्तेविरुद्ध गांधीजींनी आयुष्यभर लढा दिला, तिच्या दारासमोर त्यांचा पुतळा २०१५ साली उभारला गेला. भारताच्या स्वातंत्र्याला सतत विरोध करणारे चर्चिल आणि ते मिळविण्यासाठी झटणारे गांधीजी एकाच चौकात उभे आहेत, हे पाहून इतिहासाची गंमत वाटते. शहरातील पुतळेही आपल्याशी बोलतात, ते असे.

येथून ट्राफल्गर चौकातून उत्तरेकडे चालत गेले, तर अर्ध्यापाऊण तासात ब्लूम्सबरी नावाच्या भागात ब्रिटिश म्यूझियमची भव्य वास्तू दिसू लागते. दर्शनी भागी ग्रीक देवालयासारखे प्रचंड खांब आहेत. सकाळी दहा वाजता दरवाजे उघडतात. कायम मांडलेला संग्रह पाहण्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही.

या संग्रहालयाचा जन्म मोठ्या विलक्षण रीतीने झाला. हान्स स्लोन नावाच्या एका नामांकित वैद्याने जन्मभर ग्रंथ, नाणी, वाळविलेल्या वनस्पती, शंख आणि नानाविध चिजा मिळून सत्तर हजारांहून अधिक वस्तू जमविल्या होत्या. १७५३ साली तो मरण पावला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात अशी इच्छा आढळली, की आपल्या वारसांना वीस हजार पौंड देऊन राष्ट्राने हा संग्रह आपलासा करावा. पार्लमेंटने त्यासाठी कायदा केला, सोडत काढून पैसा उभारला आणि १५ जानेवारी १७५९ रोजी संग्रहालयाचे दार लोकांसाठी उघडले. संग्रह राजाचा नव्हे, सरदाराचा नव्हे, तर सर्व राष्ट्राचा असावा आणि जिज्ञासू माणसाला तो विनामूल्य पाहावयास मिळावा, ही कल्पना त्या काळी नवी होती. परंतु स्लोनच्या संपत्तीचा काही भाग जमैका बेटातील उसाच्या मळ्यांतून येत असे आणि त्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत असत. चौथा प्रश्न विचारण्यास आरंभ करावयाचा, तो असा उंबरठ्यापासूनच.

आत शिरताच काचेच्या छताखालील विस्तीर्ण चौक लागतो. हे छत २००० साली पुरे झाले. त्यात काचेचे ३,३१२ तुकडे असून एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही. चौकाच्या मधोमध एक गोल इमारत उभी आहे. ते १८५७ साली उघडलेले जुने वाचनगृह होय. त्याची आठवण प्रवाशाने मनात ठेवावी; दिवसाच्या अखेरीस तिचे काम पडणार आहे.

या म्यूझियमच्या संग्रहात सुमारे ऐंशी लाख वस्तू आहेत आणि त्यांपैकी शंभरातील एकच काय ती एका वेळी मांडलेली असते. म्हणजे सर्व काही पाहण्याचा हट्ट येथे कोणालाच पुरा करता यावयाचा नाही. सकाळच्या वेळात तीन गोष्टी नीट पाहिल्या, तरी पुष्कळ झाले.

पहिली गोष्ट म्हणजे रोझेटा शिला. एक मीटरहून थोडी अधिक उंच आणि सुमारे ७६० किलो वजनाची ही काळसर शिला दिसावयास साधी आहे. वरचा कोपरा तर फुटून गेलेला आहे. इसवी सनापूर्वी १९६ या वर्षी इजिप्तच्या पुरोहितांनी टॉलेमी राजाच्या गौरवार्थ काढलेला एक ठराव तिच्यावर कोरला आहे. तो तीन प्रकारच्या अक्षरांत आहे : देवळांत वापरली जाणारी प्राचीन चित्रलिपी, लोकांच्या नित्य व्यवहाराची लिपी आणि ग्रीक. पुढे इजिप्तची चित्रलिपी वाचणारा मनुष्य जगात उरला नाही. शेकडो वर्षे ती चित्रे मुकी होऊन राहिली. १७९९ साली नेपोलियनच्या सैनिकांना रशीद या गावाजवळ किल्ल्याची डागडुजी करताना ही शिला सापडली. ग्रीक मजकूर वाचता येत होता. तेव्हा त्याच्याशी ताडून पाहिल्यास चित्रलिपीही उलगडेल, हे विद्वानांनी ओळखले. चित्रलिपीत राजाचे नाव लांबट वर्तुळात लिहीत. इंग्लंडमधील थॉमस यंग याने त्यावरून काही अक्षरे ओळखली आणि १८२२ साली शांपोल्यों या फ्रेंच पंडिताने त्या लिपीचे रहस्य उकलले. पुढे पंधराच वर्षांनी, १८३७ साली, जेम्स प्रिन्सेप याने भारतातील ब्राह्मी लिपी वाचण्यात यश मिळविले. त्यामुळे अशोकाचे शिलालेख आणि कार्ले, नाशिक येथील लेण्यांतील दात्यांची नावे पुन्हा बोलू लागली.

मग फ्रेंचांना सापडलेली इजिप्तची शिला लंडनला कशी आली? याचे उत्तर शिलेच्या कडेवरच रंगविलेले आहे. ब्रिटिश सैन्याने ती १८०१ साली इजिप्तमध्ये हस्तगत केली, अशा आशयाची इंग्रजी अक्षरे तेथे आहेत. ही पाहुणी युद्धातील जिंकलेल्या मालाबरोबर आली आहे.

दुसरी गोष्ट अथेन्स येथील पार्थेनॉन देवालयाची शिल्पे. घोडेस्वारांची मिरवणूक इतकी जिवंत कोरलेली आहे, की संगमरवरातून टापांचा आवाज येईलसे वाटते. अडीच हजार वर्षांपूर्वी घडविलेली ही शिल्पे लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश वकिलाने, ग्रीस तुर्की साम्राज्याच्या अमलाखाली असताना, १८०१ सालापासून पुढे काढून नेली. तुर्की अधिकाऱ्यांची परवानगी होती, असे त्याचे म्हणणे होते. १८१६ साली पार्लमेंटने ती पस्तीस हजार पौंडांना विकत घेतली. ग्रीक लोक म्हणतात, ‘परवानगी देणारे परके होते, देवालय आमचे होते.’ ग्रीसने ही शिल्पे परत मागितली आहेत आणि त्यांच्यासाठी अथेन्समध्ये २००९ साली उघडलेल्या नव्या संग्रहालयात जागाही ठेवली आहे. दुसरी बाजू म्हणते, की लंडनमध्ये ती सुरक्षित राहिली आणि जगातील सर्वांना पाहता आली. शिवाय १९६३ सालच्या कायद्याने म्यूझियमला आपल्या संग्रहातील वस्तू सहसा देऊन टाकता येत नाही. हा वाद चालूच आहे.

तिसरी गोष्ट पाहताना भारतीय माणसाचे पाऊल आपोआप जड होते. काचेच्या एका स्वतंत्र दालनात आंध्र देशातील अमरावती येथील बौद्ध स्तूपाची शिल्पे लावलेली आहेत. कृष्णेच्या काठचा हा स्तूप सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मोठ्या वैभवात होता. महाबळेश्वरी उगम पावलेली, वाईचे घाट धुऊन गेलेली तीच ही कृष्णा! येथील एक शिला दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. जुन्या बाजूस बोधिवृक्ष, रिकामे आसन आणि त्यांना वंदन करणारे भक्त दिसतात. त्या काळी तेथील कारागिराने बुद्ध प्रत्यक्ष न दाखविता खुणांनी दाखविला. पुढे काही शतकांनी तीच शिला उलटवून तिच्या पाठीवर दुसऱ्या कारागिराने सबंध स्तूपाचे चित्र कोरले. मूळ स्तूप आज उभा नाही. तो कसा दिसत असेल, हे त्याच्याच एका दगडावरून कळते.

हे दगड येथे आले, ती कथा सरळ नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील जमीनदार नवे गाव वसवू लागला, तेव्हा या टेकाडातील दगड बांधकामाला नेण्यात येऊ लागले. काही तर चुन्यासाठी भाजले गेले. कॉलिन मॅकेंझी या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांचे मोल ओळखून चित्रे काढवून घेतली. १८४५ साली वॉल्टर एलियट याने पुष्कळ शिल्पे खणून काढून मद्रासला धाडली. तेथे ती कित्येक वर्षे उघड्यावर पडून राहिली. १८५९ साली त्यांतील बरीच लंडनला पोहोचली आणि १८८० साली या म्यूझियममध्ये आली. आपल्याच लोकांनी त्यांची हेळसांड केली, हे खरे. आणि ज्यांनी ती नेली त्यांनी त्या भूमीतील लोकांना विचारले नाही, हेही तितकेच खरे. विचारी मनुष्याने दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अमरावतीची इतर काही शिल्पे चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आहेत. ती आपल्याला येथेच पाहता येतात.

दुपारी जवळच्या बागेत बसून बरोबर आणलेली शिदोरी सोडावी आणि हॉबर्न स्थानकातून भुयारी आगगाडी पकडावी. जमिनीखालून धावणारी जगातील पहिली आगगाडी लंडनमध्येच १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. तिच्या आधी दहाच वर्षे मुंबई ते ठाणे ही आपली पहिली आगगाडी धावली होती. हॉबर्नहून गाडी न बदलता साउथ केन्सिंग्टन येथे उतरता येते. तेथे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम आहे. १८५१ सालच्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनानंतर कारागिरांना उत्तम नमुने पाहावयास मिळावेत, या हेतूने ते निघाले. त्यालाही प्रवेशमूल्य नाही.

येथील एक दालन चौथ्या प्रश्नाचे निराळेच उत्तर देते. रोमचा ट्रेजन सम्राटाचा विजयस्तंभ येथे उभा आहे. फार उंच असल्याने तो दोन तुकडे करून ठेवावा लागला आहे. मायकेलअँजेलोने घडविलेला डेव्हिडचा अतिभव्य पुतळाही येथे आहे. पण दोन्ही मूळ नव्हेत. मूळ वस्तू इटलीतच आहेत. या त्यांच्या प्लास्टरच्या हुबेहूब प्रतिकृती होत. ज्यांना रोमला जाणे परवडत नव्हते, अशा विद्यार्थ्यांसाठी त्या एकोणिसाव्या शतकात करविल्या गेल्या. दुसऱ्याच्या घरातील ठेवा न हलविताही त्यापासून शिकता येते, हे या दालनावरून समजते.

याच संग्रहालयाच्या मालकीचा टिपू सुलतानाचा लाकडी वाघ फार प्रसिद्ध आहे. वाघाने एका युरोपीय माणसाला खाली पाडून त्याचा गळा धरला आहे. दांडा फिरविला, म्हणजे त्या माणसाचा हात वरखाली होतो आणि वाघाची गुरगुर व माणसाचे विव्हळणे ऐकू येते. वाघाच्या पोटात सुरांची पेटीही बसविलेली आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती हा वाघ लागला. ज्यांना भिवविण्यासाठी तो घडविला, त्यांच्याच राजधानीत तो करमणुकीची वस्तू झाला.

महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याची एक वस्तूही याच संग्रहालयाकडे होती. ती म्हणजे शिवछत्रपतींची म्हणून सांगितली जाणारी वाघनखे. सातारा येथे कंपनीचा रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफ याच्याकडे ती होती आणि त्याच्या घराण्याकडून ती म्यूझियमला मिळाली. २०२४ सालच्या जुलै महिन्यात ती तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात आणण्यात आली आणि प्रथम सातारा येथील संग्रहालयात मांडण्यात आली, तेव्हा लोकांनी ती पाहण्यासाठी मोठी उत्सुकता दाखविली. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली वापरली गेली ती हीच वाघनखे, असे मात्र खात्रीने सांगता येत नाही, असे खुद्द म्यूझियमच म्हणते. त्यांच्या पेटीवर इंग्रजीत जो मजकूर आहे, त्यात महाराजांनी मारलेल्या सरदाराला मोगल सेनापती म्हटले आहे. परंतु अफझलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशहाचा सरदार होता, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. म्हणजे वस्तूलाच नव्हे, तर वस्तूवरील लेखालाही प्रश्न विचारावे लागतात. प्रेम आणि अभिमान असला, तरी पुराव्याची तपासणी सोडू नये. खरा अभिमान अशा तपासणीने कमी होत नाही.

संध्याकाळी संग्रहालये बंद होतात. तेव्हा पुन्हा गाडीने उत्तरेकडील चॉक फार्म स्थानक गाठावे. तेथून थोड्या अंतरावर किंग हेन्रीज रोड नावाचा शांत रस्ता आहे. त्या रस्त्यावरील दहा क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली हे घर विकत घेऊन तेथे त्यांचे स्मारक केले. दार बंद झाले असले, तरी त्यांच्या वास्तव्याची नोंद करणारा भिंतीवरील फलक रस्त्यावरूनही वाचता येतो.

आता सकाळी पाहिलेले ते गोल वाचनगृह आठवावे. त्या काळी ब्रिटिश म्यूझियमचे ग्रंथालय तेथे होते. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकावे लागले होते. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा आले. सकाळी ग्रंथालय उघडताच ते तेथे जाऊन बसत आणि बंद होईपर्यंत वाचीत राहत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पोटभर जेवण्याइतके पैसे त्यांच्याजवळ नसत. या अभ्यासातून त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सिद्ध केला आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळविली. गावच्या पाणवठ्यावर ज्याला पाणी पिऊ दिले जात नव्हते, त्याने परदेशातील ज्ञानाच्या साठ्यातून पोटभर पिऊन घेतले आणि ते सारे मायदेशी परत आणून आपल्या बांधवांच्या कारणी लावले.

दगड आणि शस्त्रे एका देशातून दुसऱ्या देशात नेली, म्हणजे पहिला देश तेवढा उणा होतो. ज्ञानाचे तसे नसते. ते कितीही नेले, तरी मागे उरतेच. आणि नेणाऱ्यावर कोणी चोरीचा आळ घेत नाही. लंडनमधील एका दिवसात प्रवाशाने आपल्याबरोबर आणण्याजोगी वस्तू हीच होय.

त्यासाठी प्रत्येकाला लंडनलाच जावे लागते, असे मात्र नाही. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेले, तरी तेच चार प्रश्न बरोबर नेता येतात. फार काय, आजीच्या फडताळातील जुनी पितळेची समई हाती घेऊन, ती कोणी घडविली आणि आपल्या घरी कशी आली, असे तिला विचारावे. आजी सांगू लागेल, तेव्हा ती समई घरातील पाहुणी न राहता घरच्या माणसासारखी ओळखीची होईल.